बंधुभाव बांधावा लागतो

फ्रीमेसन हा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाला त्यात जगाची सूत्रं हलवणारी गुप्त टोळी दिसते: कवट्या, तलवारी, अंधाऱ्या खोलीतल्या शपथा. इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांमधल्या लोकांनी तर या मंडळींच्या इमारतींना 'जादूघर' असं नावच पाडलं होतं. दुसऱ्या तटाला तो गोऱ्या साहेबांचा आणि त्यांच्या पंगतीला बसायला धडपडणाऱ्या श्रीमंतांचा जेवणाचा क्लब वाटतो. पहिलं मत व्हॉट्सॲपवर फिरतं, दुसरं शहाण्यासुरत्यांच्या तोंडी असतं. दोन्ही वरवरची आहेत. अनोळखी माणसांमध्ये टिकाऊ नातं कसं उभं करायचं, या प्रश्नावर तीनशे वर्षं चाललेला हा एक प्रयोग आहे, आणि तो तसा तपासायला दोन्ही तट तयार नसतात.

या उथळपणाच्या मुळाशी आणखी एक मोठी गैरसमजूत आहे. बंधुभाव म्हणजे मनातली भावना, आणि मन मोठं केलं की तो आपोआप येतो, असं आपण शाळेच्या प्रतिज्ञेपासून घोकत आलो आहोत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बंधुभाव ही बांधणी असते. दार, बैठक आणि देणं या तीन गोष्टी नेमून दिल्या की परकी माणसं एकमेकांना भाऊ मानू लागतात. त्या नसल्या की सख्खे भाऊही धुऱ्यावरून कोर्टात जातात. फ्रीमेसनांना ही बांधणी कळली होती, पण तिचं दार त्यांनी अरुंद ठेवलं. आणि यवतमाळ जिल्ह्यात तिचा खरा वारस कोण हे शोधायला निघालो, तर तो भलत्याच ठिकाणी, समाजमंदिरातल्या सतरंजीवर बसलेला सापडतो.

राज्यघटनेकडे पाहिलं तरी हाच पेच दिसतो. स्वातंत्र्याला कलम १९ आहे, समतेला कलम १४ आहे. बंधुता उद्देशिकेत आहे, पण तिला तसं स्वतःचं, कोर्टात मागता येईल असं कलम नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती ५१ क मध्ये नागरिकांचं कर्तव्य म्हणून आली, एवढंच. बंधुतेशिवाय बाकीची दोन तत्त्वं वरच्या रंगाच्या थरापलीकडे जाणार नाहीत, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता. तो आपण दर २६ नोव्हेंबरला वाचून दाखवतो आणि घरी जातो. बंधुता कायद्याने आणता येत नाही हे खरं. मग ती कशाने आणायची, हा प्रश्न तरी विचारायला हवा.

१. गुपिताचा फुगा

आधी गुपिताचा निकाल लावू. परंपरेप्रमाणे २४ जून १७१७ रोजी लंडनच्या 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आली आणि पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. लॉज म्हणजे या संघटनेची स्थानिक शाखा. १७२३ मध्ये जेम्स अँडरसनने तिची घटना छापली. आणि १७३० मध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने दीक्षेचे सगळे विधी, खुणा आणि सांकेतिक शब्द पुस्तक काढून बाजारात विकले. त्याच १७३० च्या सुमारास कलकत्त्यात हिंदुस्थानातली पहिली लॉज सुरू होत होती. म्हणजे हे गुपित आपल्या देशात पोचता-पोचताच फुटलं होतं. तरीही संघटना वाढतच गेली. गुपित हाच तिचा प्राण असता तर ती तिथेच संपायला हवी होती.

मग तिच्याविरुद्ध एवढा राग कशाचा? १७३८ मध्ये पोप बाराव्या क्लेमेंटने तिला बहिष्कृत केलं, १९२५ मध्ये मुसोलिनीने इटलीत बंदी घातली, हिटलरने १९३५ पर्यंत जर्मनीत तिचं नामोनिशाण पुसलं, १९७२ मध्ये भुट्टोंनी पाकिस्तानात तिच्या इमारती ताब्यात घेतल्या. या चौघांमध्ये मिळून समान असं एरवी थोडंच होतं. आपल्या परवानगीशिवाय वेगवेगळ्या थरांतली माणसं एका खोलीत बसतात आणि एकमेकांना बांधील होतात, एवढी एकच गोष्ट त्या सगळ्यांना खुपत होती. लोकांच्या कल्पनेतल्या सैतानपूजेचं म्हणाल, तर लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने मेसनांच्या सैतानी कारवायांवर वर्षानुवर्षं पुस्तकं खपवली आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत सांगून टाकलं की हे सगळं आपण रचलेलं थोतांड होतं. त्याच्या थापा आजही खऱ्या म्हणून फिरतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये शतकानुशतकं झाकून ठेवले. आत होतं लीळाचरित्रासारखं आद्य मराठी गद्य. बाहेरच्या लोकांनी मात्र पंथाबद्दल काय काय रचलं नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी लिपी उलगडली तेव्हा कुठे त्या कुजबुजीला ओहोटी लागली. झाकलेल्या दाराबाहेर अफवा जमतात, हा अफवा उठवणाऱ्यांचा स्वभाव झाला. त्यावरून आतल्या मालाची परीक्षा होत नसते.

२. दार: कोण येणार, कसा येणार

बांधणीची पहिली गोष्ट म्हणजे दार. लॉजमध्ये जन्माने कुणी सभासद होत नाही. माणसाने स्वतःहून मागणी करावी लागते, दोघांनी त्याची शिफारस करावी लागते, आणि मग पेटी फिरते. प्रत्येक सभासद गुपचूप पांढरी किंवा काळी गोळी टाकतो. काळ्या गोळीने अर्ज बाद होतो. ऐकायला हे क्रूर वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की जो आत आला त्याला खोलीतल्या प्रत्येकाने होकार दिलेला असतो. पुढे भांडण झालं तर 'याला कुणी घेतलं' असं म्हणण्याची सोय राहत नाही. जातीत, गोतात, भावकीत असा होकार कुणी कुणाला कधी दिलेला नसतो. तिथे आपण एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतो.

हे दार हिंदुस्थानात आलं आणि इथेच अडकलं. ज्या संघटनेचा दावा होता की एक ईश्वर मानणारा कुठल्याही धर्माचा सज्जन आमचा भाऊ, तिला मुंबईतला एक पारशी चालेना. माणेकजी कर्सेटजी यांना मुंबईच्या लॉजने घेतलं नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावरही दार बंदच. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही खास देशी लोकांसाठी लॉज काढली. हिंदूंना त्यापुढेही जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं. एवढे देव मानणाऱ्याची एका ईश्वराच्या नावाने घेतलेली शपथ खरी कशी धरायची, हा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त नऊ वर्षं अर्ज, तक्रारी आणि पत्रव्यवहार करत राहिले आणि १८७२ मध्ये आत गेले.

या दोन प्रकरणांवरून 'बघा, सगळा दांभिकपणा' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. दत्त यांच्या हातात नऊ वर्षं लढायला हत्यार कुठलं होतं? संघटनेचीच छापील घटना. नियम लिहिलेला होता म्हणून तो मोडला जातोय हे दाखवता आलं. आपल्या गावच्या पाणवठ्यावर जो नियम चालायचा तो कुठेही लिहिलेला नव्हता. त्यामुळे त्याविरुद्ध अर्ज कुणाकडे करणार? तिथे महाडच्या तळ्यावरच जावं लागलं. लिहिलेलं दार अरुंद असलं तरी रुंद करता येतं. न लिहिलेल्या दारापुढे आधी हे दार आहे, हेच सिद्ध करत बसावं लागतं.

३. बैठक: उतरंड रोज मोडण्याची युक्ती

दुसरी गोष्ट बैठक. मेसन म्हणजे गवंडी. गवंड्यांची अवजारं, म्हणजे गुण्या, ओळंबा, पातळी, हातोडी, या लोकांनी उचलली आणि त्यांना आचाराचा अर्थ दिला. प्रत्येक सभासद कमरेला गवंड्याचा एप्रन बांधतो. राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा ड्यूक ऑफ ससेक्स १८१३ ते १८४३ इंग्लंडचा ग्रँड मास्टर होता. त्याच्याही कमरेला तो होताच. याला नाटक म्हणा हवं तर. पण राजपुत्राने कामगाराचा पोशाख चढवल्याशिवाय बसायचंच नाही, ही अट ज्याने घातली त्याला माणसाचं मन कळत होतं.

त्याहून महत्त्वाचा नियम खुर्चीचा. लॉजचा प्रमुख पूर्वेला बसतो, पण सहसा वर्षभरच. वर्ष संपलं की तो उतरतो आणि पुढचा चढतो. काल जो पूर्वेच्या खुर्चीवर होता तोच उद्या दाराबाहेर तलवार घेऊन राखणीला उभा असू शकतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या सहकारी संस्थांमधले वीस-वीस वर्षांचे अध्यक्ष डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या नियमाचं मोल कळेल. शिवाय लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद करायला बंदी. भारतातल्या लॉजमध्ये शपथेसाठी गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथ साहिब असे ग्रंथ एकाच ठिकाणी ठेवलेले असतात. ज्याचा जो धर्म त्याने त्यावर हात ठेवायचा.

आणि सभेनंतर जेवण. पाश्चात्य लेखक या जेवणाकडे गंमत म्हणून बघतात. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू माणसासाठी सगळ्या शपथांपेक्षा हेच अवघड होतं. कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर ज्या समाजात माणसाची किंमत ठरत होती, तिथे पारशी, मुसलमान, इंग्रज यांच्याबरोबर एका टेबलावर बसणं म्हणजे घरच्यांशी उभा दावा मांडणं. मुंबईत १८७० च्या दशकात मुसलमानांसाठी 'लॉज इस्लाम' आणि हिंदूंसाठी 'लॉज आर्यन' निघाली, यातच ती अडचण दिसते. दार उघडलं, पण आत वेगवेगळ्या पंगती पडल्या. तरीही दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्यासारखे लोक मेसन होते, याचं मला नवल वाटत नाही. पाळीने बोलणं, इतिवृत्त लिहिणं, ठराव मांडणं, हरलेल्याने खुर्ची सोडणं यांची सवय त्या खोल्यांमध्ये आयती लागत होती.

४. देणं: रिकाम्या खिशाची शिकवण

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या अंगावरचं सगळं धातूचं सामान काढून घेतात. पैसे, अंगठी, घड्याळ, सगळं. डोळ्यांवर पट्टी. छातीची डावी बाजू उघडी. शपथ होते, पट्टी सुटते, आणि त्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. जुन्या काळी इमारतीची कोनशिला या कोपऱ्यात बसवायचे. तिथे त्याच्यापुढे हात पसरून विचारतात: गरिबांसाठी काय देतोस? तो खिसा चाचपतो. खिशात काही नसतं. भरल्या सभेत, सरदार असो की सावकार, त्याला सांगावं लागतं की माझ्याकडे द्यायला काही नाही. मग त्याला समजावतात की तुला लाजवण्यासाठी हे केलं नाही. तू आमच्यात कफल्लक आलास आणि तरी आम्ही तुला घेतलं. कधी कुणी भाऊ अडचणीत दिसला तर ही घटका आठव.

या एका प्रसंगात बंधुभावाचं सगळं अर्थशास्त्र आहे. दान देणारा वर आणि घेणारा खाली असतो; इथे देणाऱ्याला आधी घेणाऱ्याच्या जागी उभं केलं जातं. त्यामुळे पुढे मदत मागणारा भाऊ भिकारी ठरत नाही. आपलं येणं मागायला आल्यासारखा तो येतो. लॉजच्या वर्गणीतला ठरलेला वाटा मदतनिधीत जातो. १७८८ मध्ये लंडनमध्ये गरीब किंवा मृत मेसनांच्या मुलींसाठी शाळा निघाली ती याच हिशेबातून. भाऊ गेला तर त्याच्या पोरींचं काय, हे तो जिवंत असतानाच ठरलेलं होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जगाचा निरोप घेतला. आज त्या तारखेला राज्यभर अन्नत्याग होतो. त्यानंतरच्या वर्षांत या जिल्ह्याचं नाव देशाला कशासाठी माहीत झालं हे सांगायला नको. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरासाठी शासनाने मदत ठरवली: एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण आधी समिती बसणार. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. मग शेरा पडणार, पात्र किंवा अपात्र. अपात्र ठरलेल्या घरातल्या बाईला मिळतो तो एक कागद. मला शासनाला शिव्या द्यायच्या नाहीत; सरकारी पैसा तपासूनच द्यावा लागतो. पण ज्या दोन शब्दांवर हे सगळं येऊन थांबतं ते शब्द भावाभावांत कधी उच्चारले जात नाहीत. सरकार भाऊ होऊ शकत नाही. प्रश्न असा आहे की मग भाऊ होते कुठे?

५. आपल्या मातीतले दोन प्रयोग

महाराष्ट्रात असा प्रयोग झालाच नाही असं नाही. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे आधारस्तंभ. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा, सभा गुप्त, आणि दीक्षेच्या वेळी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. लॉजची आठवण यावी असाच हा बेत. फरक इतकाच की मेसनांचं गुपित फुटलं तरी त्यांचं काही बिघडलं नाही. परमहंस मंडळीच्या सभासदांची यादी १८६० च्या सुमारास चोरीला गेली आणि मंडळी पांगली. जात मोडण्याचं काम त्यांनी अंधारात केलं, आणि उजेडात उभं राहण्याची वेळ आली तेव्हा पाव खाल्लेले बरेच जण गप्प बसले. शपथ होती, दारही होतं. पण बहिष्कार पडलेल्या भावाच्या घरी दुसऱ्या दिवशी कोण जाणार, त्याच्या मुलीच्या लग्नाचं कोण बघणार, हे देणं कुणी ठरवलेलं नव्हतं.

फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो उघड्यावर. त्यांनीही विधी टाकला नाही. सभासदांनी खंडोबाची तळी उचलून शपथ घेतली. आणि समाजाने लगेच व्यवहाराला हात घातला. भटजीशिवाय लग्न लावून द्यायचं, मुलांच्या शिक्षणाला मदत करायची. शपथ घेणाऱ्या गरीब कुणब्याला दुसऱ्या दिवशी समाजाकडून प्रत्यक्ष काहीतरी मिळत होतं. एक प्रयोग यादी चोरीला जाताच संपला आणि दुसरा विदर्भापर्यंत येऊन पोचला, याचं कारण मला इथे दिसतं.

६. यवतमाळचा ताळेबंद

हे तीन निकष, दार, बैठक आणि देणं, आता आपल्या जिल्ह्याला लावून बघू.

यवतमाळचा दुर्गोत्सव राज्यात नावाजलेला. मंडळांकडे वर्गणी आहे, कार्यकर्ते आहेत, रात्रंदिवस एकत्र राबणं आहे. नऊ दिवस बैठक उत्तम. दहाव्या दिवशी देणं संपतं. गुरुदेव सेवा मंडळाचं दार मला सगळ्यांत रुंद वाटतं. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला कुठल्याही जातिधर्माचा माणूस ओळीत बसतो, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी ती चालते. पण दार इतकं रुंद की कुणी कुणाला नेमकं काय लागतो हे ठरलेलं नाही. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून विदर्भातले शेतकरी एकमेकांना बघताक्षणी ओळखायचे. ते भाऊपण खरं होतं, पण लढ्याचं होतं. समोर सरकार होतं तोवर टिकलं. सेवा सहकारी सोसायटीकडे देण्याघेण्याचं चोख पुस्तक आहे, बैठक मात्र उरली नाही. सभासद एकमेकांना निवडणुकीच्या पॅनलमुळे ओळखतात. जातींच्या संघटनांबद्दल काय बोलावं! देणं तिथे पुष्कळ असतं: वसतिगृह, वधूवर मेळावा, गुणवंतांचा सत्कार. पण दार जन्माचं. जिथे दार जन्माने उघडतं तिथे भावकी असते. बंधुभावाला परका माणूस लागतो.

आणि मग बचत गट. 'उमेद' अभियान राज्यात २०११ ला सुरू झालं आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांमध्येच यवतमाळ होता. त्याआधीपासून महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) आणि इतरांचे गट होतेच. दहा ते वीस बाया. नवी बाई घ्यायची तर बाकीच्यांचा होकार लागतो, कारण उद्या तिच्या कर्जाला सगळ्या बांधील. ठरल्या दिवशी सभा. सतरंजीवर गोल बसायचं, म्हणजे पुढची रांग मागची रांग असा प्रकारच नाही. हजेरी होते, मागच्या सभेचं लिहिलेलं वाचतात, प्रत्येकीची बचत मोजून पुस्तकात चढते, उशिरा आलेलीला दंड बसतो आणि अध्यक्षबाई उशिरा आली तर तिलाही बसतो. मग कर्ज. कुणाच्या पोराची फी, कुणाची बियाण्याची थैली, कुणाचं बाळंतपण. कुणाला आधी द्यायचं यावर वाद होतो, मोठ्याने होतो, आणि मग ठरतं. गटांच्या वर ग्रामसंघ असतो, आणि त्याच्याकडे आजारपण, मृत्यू अशा संकटांसाठी वेगळा निधी ठेवण्याची सोय आहे. ज्या बाईचा नवरा गेला ती त्या निधीसाठी समितीपुढे पात्र ठरत बसत नाही. जिच्याशेजारी ती दर आठवड्याला बसते तीच तिचं नाव मांडते.

दार, बैठक, देणं. तिन्ही गोष्टी एका सतरंजीवर. लंडनच्या गुत्त्यात जे जमलं तेच इथे जमलेलं आहे, तेही लिहिता-वाचता कमी येणाऱ्या बायांकडून. गंमत अशी की अँडरसनच्या घटनेने १७२३ मध्येच स्त्रियांना दार बंद केलं होतं, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियातही सभासद पुरुषच असतात. स्त्रियांना घेणारी वेगळी को-मेसनरी ॲनी बेझंट यांनी हिंदुस्थानात आणली, पण ती बाजूची वाट राहिली. मेसनांच्या बांधणीचा सगळ्यांत खरा वारसा ज्यांना त्यांनी आत घेतलंच नाही त्यांच्याकडे गेला.

७. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला आहे. बचत गट ही सरकारी योजना आहे, बाया कर्जासाठी एकत्र येतात, त्याला बंधुभाव काय म्हणायचं? त्यावर माझं उत्तर: स्वार्थाने एकत्र आलेली माणसं भाऊ होऊ शकत नाहीत, हीच तर ती भावनेची उथळ कल्पना. मध्ययुगीन गवंडीसुद्धा मजुरीचे दर सांभाळायला एकत्र आले होते. माणूस कशासाठी आत आला यावरून काही ठरत नाही. आत आल्यावर त्याला दुसऱ्याची अडचण ऐकून घ्यावी लागते का, हे बघायचं. मात्र एक भेद कसून करायला हवा. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांचे गटही दिसायला असेच असतात: बाया, सतरंजी, हप्ता. तिथे पैसा कंपनीचा असतो आणि तारण म्हणून शेजारणीची लाज ठेवलेली असते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. साच्याने सारखी आणि आशयाने उलटी, अशी ही वस्तू आहे. बंधुभावाचीही नक्कल होते, याचा हा जवळचा पुरावा.

दुसरा आक्षेप जातीचा. गट वस्तीप्रमाणे होतात आणि वस्ती जातीप्रमाणे असते. मग दार जन्माचंच झालं की! हे बरंचसं खरं आहे. तांड्याचा गट तांड्याचा, कोलामांच्या पोडावरचा पोडाचा, बौद्धवाड्यातला तिथला. 'लॉज इस्लाम' आणि 'लॉज आर्यन' यांची कथा इथे पुन्हा घडते. पण ग्रामसंघाच्या सभेत या सगळ्या गटांच्या प्रतिनिधी एकाच सतरंजीवर येतात, आणि तिथे तांड्याच्या बाईपुढे पाटलाच्या सुनेला आपला हिशेब मांडावा लागतो. चहा कोण करतं आणि कोण पितं, हे ज्याला बघायचं असेल त्याने तिथे बघावं. अजून खूप ठिकाणी ते बघण्यासारखं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो लॉजला लागतो तसा कुठल्याही बंधुमंडळाला लागतो. आतल्यांचं भाऊपण बाहेरच्यांवर अन्याय करतं. १९८१ मध्ये इटलीत लिचो जेल्लीच्या 'पी टू' लॉजची यादी पोलिसांना सापडली. तिच्यात ९६२ नावं होती: मंत्री, खासदार, सेनाधिकारी, बँकवाले. सरकार कोसळलं. मूळ संघटनेने त्या लॉजला पूर्वीच बाहेर काढलं होतं हे खरं, पण ते उत्तर पुरेसं नाही. एप्रन बांधलेला न्यायाधीश एप्रन बांधलेल्या आरोपीकडे कसा बघेल ही शंका रास्तच आहे. सभासदांची यादी आणि हिशेब उघडे असावेत, सभेतलं बोलणं हवं तर आत राहो, एवढी एक अट मला यावर सुचते. यादी झाकली की बंधुभावाची टोळी होते. बचत गटाची यादी ग्रामपंचायतीत मिळते आणि त्याचं पुस्तक बँकेचा माणूस तपासतो. या बाबतीत बचत गटातल्या बाया लॉजपेक्षा पुढे आहेत.

चौथा आक्षेप: विज्ञानाच्या युगात हे विधी, शपथा, पोशाख कशाला? हा आक्षेप घेणारे लोक स्वतःच्या पोराच्या पदवीदानाला काळा झगा घातलेल्या फोटोची चौकट करून भिंतीवर लावतात. पुढे बोलायला नको.

पुरुषांचं काय

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि अखेर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा गमावलेली ही बाई. त्यांच्यासारख्याच स्त्रियांनी 'तेरवं' या नाटकात स्वतः उभं राहून आपली गोष्ट सांगितली. या स्त्रिया एकमेकींना धरून उभ्या राहिल्या हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांचे नवरे कुणाला धरून उभे होते, हा प्रश्न मात्र संमेलनात कुणी विचारला नाही.

या जिल्ह्यातला पुरुष दिवसभर माणसांत असतो. पानटपरीवर, पारावर, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत. बोलणंही भरपूर चालतं: भाव, पाऊस, पक्ष. पण आपल्यावर किती कर्ज आहे हे शेजारी बसलेल्याला तो सांगत नाही, कारण सांगावं असं ठिकाण, सांगावं अशी वेळ आणि ऐकणाऱ्यावरचं देणं यांपैकी काहीच ठरलेलं नाही. भिसी असते, पण ती बोली लावून पैसा उचलायची. पाळी फिरली की माणसं सुटी. मेळावे घेऊन, व्याख्यानं देऊन, 'खचू नका' असे फलक लावून हे बदलणार नाही. इतकी वर्षं ते करून झालं.

म्हणून एक सुचवणं आहे. येत्या मे महिन्यात, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, एखाद्या गावातल्या दहा पुरुषांनी बसावं. सगळे एका जातीचे नसतील एवढं बघावं. नियम पानभर लिहून काढावेत, खुर्ची दर वर्षी फिरवावी, पक्ष बाहेर ठेवावा आणि सभासदांची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत. पहिल्या सभेत दोनच गोष्टी ठरवाव्यात: दर महिन्याला किती रुपये, आणि आपल्यापैकी कुणाचं पीक गेलं तर बाकीच्या नऊ जणांनी त्याने मागायच्या आधी काय करायचं. जमत नसेल तर गावातल्या कुठल्याही बचत गटाच्या सचिव ताईला विचारावं. पुस्तक कसं लिहायचं ते ती एका बैठकीत शिकवेल.